नेत्र तंत्रज्ञ विद्यार्थ्यांना नोकरीसाठी कसे तयार करावे?

आपण मुंबईत नेत्र तंत्रज्ञ अभ्यासक्रम शिकवता आणि आपले विद्यार्थी परीक्षेत चांगले गुण मिळवूनही मुलाखतीत व नोकरीच्या सुरुवातीला अडखळतात, त्यांची तयारी कशी करून घ्यावी, असा आपला प्रश्न आहे. मी दादर परिसरातील एका नेत्र रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाचे काम पाहतो आणि नव्या तंत्रज्ञांच्या निवडीत डॉक्टरांसोबत बसतो.

माझ्या मते मुलांना यंत्रे चालवता येतात, परंतु यंत्राने दिलेल्या आकड्यावर शंका घेण्याची सवय त्यांना लावलेली नसते, आणि रुग्णालयाला सर्वांत जास्त गरज त्या सवयीची असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी ए-स्कॅनने (ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या यंत्राने) डोळ्याची लांबी मोजताना प्रोबचा, म्हणजे डोळ्याला टेकवायच्या टोकाचा, पारपटलावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) किंचित दाब पडला, तरी लांबी कमी भरते. लांबीत १ मिलिमीटरची चूक झाली, तर डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर साधारण अडीच ते तीन डायॉप्टरने (डायॉप्टर हे भिंगाच्या नंबराचे एकक) चुकतो आणि शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रुग्णाला लांबचे अंधुक दिसते. म्हणून मुलाखतीत मी उमेदवारापुढे उजवा डोळा २३.४ आणि डावा २२.६ मिलिमीटर अशी नोंद ठेवतो आणि पुढे काय कराल, एवढेच विचारतो. फरक ०.३ मिलिमीटरहून अधिक असल्याने पुन्हा मोजेन, जुन्या चष्म्याचा नंबर पाहीन आणि तरीही फरक राहिला तर डॉक्टरांना सांगेन, असे उत्तर देणारा उमेदवार मला पुरेसा आहे, मग त्याचे गुण थोडे कमी असले तरी चालतात. असे प्रश्न वर्गात दर आठवड्याला सोडवून घ्यावेत.

दुसरी बाब रुग्णाशी बोलण्याची. प्रयोगशाळेत विद्यार्थी एकमेकांच्या डोळ्यांत थेंब घालतात, तिथे कोणी काही विचारत नाही. इथे मात्र विरारहून लोकलने एकट्या आलेल्या आजींना बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्याआधी डोळ्याचा दाब आणि बाहुलीची प्रतिक्रिया नोंदवावी लागते, काही तास जवळचे वाचता येणार नाही व उजेडाचा त्रास होईल हे समजावून सांगावे लागते, आणि परत जाताना सोबत कोण आहे हेही विचारावे लागते. ‘आजी, जरा वर बघा’ हे शब्द मराठीत, हिंदीत आणि जमल्यास गुजरातीतही सहज यायला हवेत. ‘माझा मोतीबिंदू पिकला का?’ असे रुग्णाने विचारल्यास निदान स्वतः न सांगता ते डॉक्टर सांगतील, असे आदराने सांगणे हेही सरावाने येते. रुग्णाच्या डोळ्याचे छायाचित्र मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नये, हे तर पहिल्याच दिवशी बजावावे.

निर्जंतुकीकरणाबद्दल पुस्तकात भरपूर आहे. फक्त प्रत्येक रुग्णानंतर हनुवटीचा टेकू पुसला जातो का, हे स्वतः उभे राहून पाहावे.

नोंदणीचा विषयही शेवटच्या सत्रापर्यंत टाळू नये, कारण २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदांची तरतूद केली असून नेत्रविज्ञानाशी निगडित व्यवसाय त्यात येतात. मुलाखतीला येताना प्रमाणपत्रांसोबत प्रशिक्षणातील कामाची वहीही आणायला सांगावी, आणि कोणते मोजमाप दुसऱ्यांदा घेतले व का, हे तिच्यात लिहिलेले असावे. आम्ही ती वही उघडून वाचतो.