साळिंदर झाडावर चढतं का?

प्रश्न : आमच्या गावाकडे साळिंदर बिळात राहतं, रात्री येऊन भुईमूग उकरून जातं. पण परवा टीव्हीवर चक्क झाडाच्या शेंड्यावर बसलेलं दाखवलं! हे खरं आहे का? आणि ते काटे फेकून मारतं ना?

उत्तर : खरंच आहे हो, पण ते आपलं साळिंदर नाही. तुम्ही पाहिलं ते बहुतेक उत्तर अमेरिकेतलं, कॅनडा-अलास्कापर्यंत सापडणारं, आपल्याचा लांबचा भाऊबंद म्हणा. अंगावर साधारण 30,000 काटे, आणि काट्यांच्या टोकाला बारीक उलटे दात असतात, त्यामुळे घुसला की आत आत सरकतो, कुत्र्यांची तर फार वाट लागते. फेकून वगैरे काही मारत नाही, ती अफवा आहे, नुसता धक्का लागला तरी काटे सुटून समोरच्याच्या अंगात राहतात. हिवाळ्यात पाला नसतो तेव्हा हा गडी पाइनची पानं आणि सालीच्या आतला भाग खाऊन दिवस काढतो, पण त्यात मीठ जवळजवळ नसतंच, म्हणून माणसाच्या घामाने खारट झालेले कुऱ्हाडीचे दांडे, होडीची वल्ही, अगदी प्लायवूडसुद्धा कुरतडतो!! आणि एवढा झाडावर राहून कधीकधी धपकन खालीही पडतो, स्वतःचेच काटे स्वतःला टोचतात. गंमत म्हणजे त्या काट्यांवरच्या तेलकट थरात जंतू मारायचे गुण असतात. पिल्लू एका वेळी एकच होतं, काटे जन्मताना मऊ असतात, तासाभरात कडक.

भुईमुगाचा चोर मात्र तुमचा गाववालाच.