अडीचशे किलोमीटर आत, तरी पाणी खारं

प्रश्न : माझा भाचा कामानिमित्त पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात असतो. तो म्हणतो, समुद्रापासून दीडशे किलोमीटर आतल्या गावातही उन्हाळ्यात नदीचं पाणी तोंडात धरवत नाही. आमच्याकडेही खाडीचं पाणी आत येतं, पण इतकं लांब? आणि ते बांध घालून अडवत का नाहीत?
– एक वाचक, पेण

उत्तर : भाचा खरं तेच सांगतो आहे. मालवाहू जहाजावर अधिकारी असताना मी काकीनाड्याहून तांदळाची पोती घेऊन बंजूलला गेलो आहे. ही राजधानी नदीच्या मुखावरच वसली आहे. धक्क्याला लागलं की बादलीने पाणी वर ओढून त्यात हायड्रोमीटर सोडायचा, हा आमचा शिरस्ता. पाणी गोडं असेल तर जहाज जास्त बुडतं, म्हणून घनता मोजावीच लागते. एप्रिलमध्ये तिथे आकडा १.०२५ च्या जवळपास, म्हणजे जवळजवळ समुद्रच. पावसाळा सरताना त्याच धक्क्यावर आकडा खाली आलेला असतो.

याचं मूळ उतारात आहे. गांबिया नदी गिनीतल्या फुटा जालोन पठारावर उगम पावते आणि सुमारे ११०० कि.मी. वाहते, पण उंची सगळी वरच्या टप्प्यातच उतरून येते. देशातली सर्वांत उंच जागासुद्धा जेमतेम पन्नास-साठ मीटर. हिमयुगात समुद्र शंभर मीटरांहून अधिक खाली होता, तेव्हा नदीने खोरं खोल कोरलं. पुढे समुद्र चढला आणि खालचं खोरं बुडालं. त्यामुळे भरती-ओहोटी सुमारे ५०० कि.मी. आत, जवळजवळ देशाच्या पूर्व टोकापर्यंत जाणवते. मीठ मात्र तितकं लांब जात नाही. पाऊस जून ते ऑक्टोबर. तेव्हा वरून आलेला लोंढा खारं पाणी मुखाकडे रेटतो. नंतर सहा-सात महिने थेंब नाही, सहारातून हरमाटन नावाचा कोरडा वारा सुटतो, नदी रोडावते आणि खारं पाणी परत वर चढू लागतं. उन्हाळा संपता संपता ते सुमारे २५० कि.मी. आत पोचलेलं असतं. नकाशावर गांबियाची सीमा १८८९ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंचांनी नदीच्या दोन्ही काठांना साधारण दहा-दहा किलोमीटर धरून ठरवली. शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी सीमा आहे ती पाण्यातली, आणि ती दरवर्षी सरकते.

खालच्या टप्प्यात काठाने दाट कांदळवन आहे. बंजूलजवळ बायका होडीतून जाऊन कांदळाच्या मुळांवरची कालवं कापून काढतात. त्यामागच्या सखल, पाणथळ पट्ट्यात भात होतं, आणि तेही मुख्यतः बायकाच लावतात. वर चढलं की भुईमुगाची रेताड जमीन लागते आणि खाली जांभा. होय, आपल्या कोकणातल्यासारखाच! वासू या गावी याच जांभ्याचे घडीव खांब वर्तुळात उभे आहेत. ती प्राचीन दफनांची जागा आहे आणि २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पेणच्या माणसाने ते खांब जरूर पाहावेत.

आता बांधाचं. लहान मातीचे बांध घालून भात लावणं तिथेही चालतं. तुमच्या मनात आहे तसा मोठा, आख्खी नदी अडवणारा बांध फराफेनीजवळ बालिंगो इथे घालायचा बेत होता, अगदी वर पूल आणि खाली खारं पाणी अडवणारी दारं असा. तो बारगळला, आणि माझ्या मते बारगळला ते बरंच झालं. कांदळवनाच्या चिखलात गंधकयुक्त खनिज दडलेलं असतं. भरतीने तो चिखल भिजता राहिला तर काही त्रास नाही. बांधामुळे तो सुकला, त्याला हवा लागली, की त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि जमीन इतकी आंबट होते की भात उभंच राहत नाही. दुष्काळाच्या दशकांत शेजारच्या सेनेगलमधल्या कासामान्स भागात अशी खाचरं वाया गेली आहेत. शेवटी २०१९ मध्ये फराफेनीला नुसता पूल झाला, जवळपास दोन किलोमीटरचा. त्याखालून भरती पूर्वीसारखीच आत जाते.

भाच्याला बारमाही गोडं पाणी पाहायचं असेल तर कुंटौरच्या वर जाऊ द्या. तिथे पाणघोडे आहेत, आणि नदीतल्या बेटांवर चिंपांझी. जांजांबुरेच्या आसपास उन्हाळ्यातही भात निघतं, कारण भरती तिथे गोडंच पाणी शेताच्या पातळीपर्यंत उचलून देते.