रेडिओने वाळीत टाकलेला अल्बम खपला कसा?

तुमचे प्रश्न दोन. कंट्री या अमेरिकन संगीतप्रकाराच्या रेडिओने बहिष्कार घातलेल्या डिक्सी चिक्स या तिघींच्या बँडचा 'टेकिंग द लाँग वे' हा अल्बम २००६ मध्ये आल्या आल्या एक नंबरवर गेला कसा? आणि आज नव्याने ऐकायचा तर सुरुवात कुठून करावी? आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण पहिल्याच्या गोंगाटात ते दर वेळी राहून जातं. आठव्या गाण्यापासून करा. 'सायलेंट हाउस'. स्मृतिभ्रंशाने हळूहळू पुसल्या जाणाऱ्या आजीचं गाणं आहे ते. राजकारणाचा त्यात शब्दही नाही.

आता पहिला प्रश्न. १० मार्च २००३, इराक युद्धाच्या तोंडावर, लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायर या सभागृहात बँडची गायिका नॅटली मेन्स म्हणाली की राष्ट्राध्यक्ष बुश टेक्ससचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. त्या वेळी मी ह्यूस्टनला होतो. आदल्या आठवड्यापर्यंत गाडीत दिवसातून चारदा लागणारा त्यांचा आवाज एकाएकी बंद झाला आणि त्या जागी तावातावाने फोन करणारे श्रोते आले. गंमत बघा, तेव्हा कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत त्यांचं जे गाणं पहिलं होतं ते व्हिएतनाममध्ये मेलेल्या एका कोवळ्या सैनिकाचं होतं. तेही गडगडलं. क्युम्युलस या रेडिओ कंपनीने आपल्या सगळ्या कंट्री स्टेशनांवर त्यांची गाणी महिनाभर बंद ठेवली. लुइझियानात एके ठिकाणी त्यांच्या सीडींवरून वजनदार यंत्र फिरवलं गेलं. पुढे डॅलसच्या कार्यक्रमाआधी नॅटलीला जिवे मारण्याची धमकी आली. कार्यक्रम झाला, पोलीस बंदोबस्तात.

हे एवढं गंभीर का, तर तेव्हा कंट्रीचा सगळा डोलारा रेडिओवर उभा होता. रीत अशी की अल्बमच्या काही महिने आधी एक गाणं स्टेशनांकडे धाडायचं, कलाकारांनी गावोगावच्या स्टेशनांत जाऊन हात मिळवायचे, कार्यक्रम-प्रमुखांसोबत फोटो काढायचे. स्टेशनांवर वाजणाऱ्या गाण्यांची यादी आखूड असते. तिच्यात शिरलात तर तरलात. त्यामुळे शहाणपणाचा रस्ता म्हणजे नाक मुठीत धरून एखादं गोडसं प्रेमगीत पाठवणं. या तिघींनी पाठवलं 'नॉट रेडी टू मेक नाइस', म्हणजे नमतं घ्यायला तयार नाही! त्यात त्या धमकीच्या पत्राचाही उल्लेख आहे. अपेक्षेप्रमाणे कंट्री यादीत ते ३६ व्या क्रमांकापुढे सरकलं नाही.

माझ्या मते प्रसिद्धीची खरी चाल हीच होती. रेडिओवर पाणी सोडल्यावर भांडणच विकायला काढलं. अल्बम २३ मे २००६ ला आला. त्याच सुमारास 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिघी आणि '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात मुलाखत. पहिल्या आठवड्यात ५ लाख २६ हजार प्रती गेल्या. ज्यांनी जन्मात कंट्री ऐकलं नव्हतं अशांनीही घेतल्या. रिक रुबिन निर्माता, ध्वनिमुद्रण कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलऐवजी लॉस एंजेलिसला, साथीला रॉक गायक टॉम पेटीच्या बँडमधले माइक कॅम्बेल आणि बेनमाँट टेंच, ड्रमवर रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडचा चॅड स्मिथ. म्हणजे गिऱ्हाईक बदलणार हे स्टुडिओतच ठरल्यासारखं होतं. बाकीच्या दोघींपैकी मार्टीचं फिडल (व्हायोलिन) आणि एमिलीचा बँजो आहेत, पण आधीच्या 'होम' या अल्बमसारखे पुढ्यात नाहीत. मला ती उणीव वाटते.

पण अल्बम विकत घेणारा माणूस तिकीट काढतोच असं नाही. दौऱ्यात अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत तिकिटं उठेनात, तिथले कार्यक्रम गाळून कॅनडात वाढवावे लागले. फेब्रुवारी २००७ मध्ये पाच नामांकनांवर पाचही ग्रॅमी मिळाली, वर्षातला सर्वोत्तम अल्बमही त्यात आला. त्यानंतर 'नॉट रेडी टू मेक नाइस' सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या सर्वसाधारण यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. कंट्री स्टेशनांनी मात्र दार किलकिलंही केलं नाही.

आणि या चालीची किंमत अल्बमनेच मोजली, असं मला वाटतं. तेव्हा घेतलेल्या सीडीची पुस्तिका अजून माझ्याकडे आहे. चौदाही गाण्यांखाली तिघींची नावं आहेत, सोबत एखादा बाहेरचा सहलेखक. 'होम'मध्ये बरीचशी गाणी दुसऱ्यांची होती. इथे पहिल्यांदाच सगळं स्वतःच्या घरातलं काढून मांडलंय: मुलांसाठी अंगाई, आणि तेराव्या 'सो हार्ड'मध्ये मूल होत नसल्याचं दुःख, जे मार्टी आणि एमिली या दोघी बहिणींनी भोगलं होतं. अशा विषयावर कंट्रीत गाणं करायला राष्ट्राध्यक्षांना टोमणा मारण्याइतकीच छाती लागते. पण मुलाखतीत याबद्दल कोण विचारतंय? सगळे लंडनच्या त्या एका वाक्यावर अडलेले.

म्हणून आठवं झाल्यावर तेरावं ऐका, मग पहिलं. सातवं, 'लबक ऑर लीव्ह इट', नॅटलीच्या जन्मगावावर, टेक्ससमधल्या लबकवर आहे. त्यातला तिखटपणा टेक्ससमध्ये राहिलेल्याला जरा जास्तच झोंबतो. तिसरं, ते गाजलेलं 'नॉट रेडी टू मेक नाइस', पहिल्या खेपेला गाळा. ते ऐकल्यावर बाकीची सगळी त्याच्याच चष्म्यातून ऐकू येतात. शोधताना एक लक्षात ठेवा: २०२० मध्ये त्यांनी नावातलं 'डिक्सी' काढून टाकलं, आता जुने अल्बमही 'द चिक्स' या नावाखालीच सापडतील.