रेडिओसोंडशी तुलना करून आलेला आरएमएसई हीच साउंडरची त्रुटी का?

प्रश्न: इन्सॅट-३डीआर उपग्रहावरच्या साउंडरने (उंचीनुसार हवेचं तापमान मोजणारं उपकरण) दिलेल्या तापमानाची मुंबईतल्या सांताक्रूझच्या रेडिओसोंडशी (फुग्यासोबत वर जाणारं मोजमाप-यंत्र, थोडक्यात सोंड) तुलना केली. आरएमएसई, म्हणजे फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, २ केल्विन आला. हीच साउंडरची त्रुटी ना? असिमिलेशनला (निरीक्षणं हवामानाच्या मॉडेलमध्ये मिसळण्याच्या प्रक्रियेला) हाच आकडा देऊ का?

उत्तर: नाही. त्या २ केल्विनमध्ये साउंडरचा वाटा किती, हे अजून तुम्ही काढलेलंच नाही. असा आकडा 'उपग्रहाची अचूकता' म्हणून सर्रास छापला जातो, आणि माझं भांडण त्याच सवयीशी आहे.

आधी उंचीच्या प्रत्येक पातळीचा बायस, म्हणजे सरासरी फरक, वेगळा काढा. मग उरलेल्या फरकाचं व्हेरियन्स (विचलनाचा वर्ग) फोडा. समजा विचलन २ के, म्हणजे व्हेरियन्स ४. सोंडची स्वतःची त्रुटी ०.५ के धरली तर ०.२५ गेले. जागा आणि वेळ न जुळल्याचा वाटा १.२ के निघाला तर आणखी १.४४ गेले. उरले २.३१, म्हणजे सुमारे १.५ के.

हा जागा-वेळ न जुळल्याचा वाटा मनाने धरू नका. ईआरए५ हे मॉडेल आणि निरीक्षणं मिळून केलेलं जागतिक हवामान-विश्लेषण दर तासाचं आहे. सोंडच्या जागी-वेळी आणि पिक्सेलच्या जागी-वेळी त्याची मूल्यं घ्या, त्यांच्या फरकाचं विचलन काढा. ईआरए५ लहान चढउतार पुसून टाकतं, त्यामुळे हा आकडा थोडा कमीच येतो. फुगा सेकंदाला साधारण ५ मीटर चढतो. १०० हेक्टोपास्कल दाबाची पातळी (सुमारे १६ किलोमीटर उंची) गाठायला त्याला जवळपास तास लागतो आणि हिवाळ्यातल्या पश्चिमी वाऱ्यात तेवढ्यात तो कित्येक पिक्सेल पूर्वेला गेलेला असतो. म्हणून प्रत्येक पातळीला फुग्याची त्या क्षणाची जागा घ्या, स्टेशनची नको. एअर्स (ॲक्वा उपग्रहावरचा साउंडर) किंवा आयासी (मेटॉप उपग्रहांवरचा) वापरणाऱ्यांची अडचण मोठी: ॲक्वाची डोक्यावरून जाण्याची मूळ स्थानिक वेळ दीडची, मेटॉपची साडेनऊची, आपले सोंड सकाळ-संध्याकाळ साडेपाचचे. दोन्हीकडे साधारण चार तासांची तफावत, आणि दुपारी जमिनीलगतचं तापमान तेवढ्यात कुठल्या कुठे जातं.

उरलेल्या १.५ मध्येही उभ्या रिझोल्यूशनचा वाटा आहेच. सोंडला काहीशे मीटर जाडीचं इन्व्हर्जन (उंचीबरोबर तापमान वाढणारा थर) दिसतं. अठरा इन्फ्रारेड चॅनेलांची वेटिंग फंक्शन्स (चॅनेल कोणत्या उंचीची हवा किती पाहतं, ते) कित्येक किलोमीटर रुंद, त्यांना ते दिसणारच नाही. ॲव्हरेजिंग कर्नल (खऱ्या प्रोफाइलमधलं साउंडरला किती दिसतं, ते सांगणारा तक्ता) मिळत असेल तर सोंडची प्रोफाइल, म्हणजे उंचीनुसार तापमान, त्यातून गाळून घ्या: पहिला अंदाज (साउंडरचं गणित ज्या प्रोफाइलपासून सुरू होतं ती), अधिक कर्नल गुणिले सोंड आणि पहिला अंदाज यांतला फरक. कर्नल नसेल तर निदान एक-दोन किलोमीटरच्या थरांची सरासरी करून तुलना करा.

आता खरी मेख. रिट्रीव्हलचा (साउंडरच्या मोजमापावरून तापमान काढण्याच्या गणिताचा) पहिला अंदाज मॉडेलमधून येतो आणि त्या मॉडेलने सांताक्रूझचा सोंड आधीच पचवलेला असतो. मग त्रुटी स्वतंत्र राहत नाहीत, वरची वजाबाकी ढिली पडते, आणि साउंडर आहे त्याहून चांगला दिसतो. म्हणून पहिल्या अंदाजाचीही त्याच सोंडशी तुलना करा. रिट्रीव्हलचा आकडा त्याहून कमी नसेल, तर त्या पातळीवर साउंडरने काही भर घातली असं म्हणू नका. ही एक ओळ प्रत्येक अहवालात सक्तीची हवी.

पावसाळ्यातले आकडे फक्त ढग नसलेल्या पिक्सेलचे असतात, ते ऋतूचे म्हणून सांगू नका. ३०० हेक्टोपास्कलच्या पातळीहून अधिक उंचीवर आर्द्रतेसाठी सोंडवरही विसंबू नका.

असिमिलेशनचं गणित मात्र उलटं: तिथे प्रातिनिधिकतेची त्रुटी (निरीक्षण आणि मॉडेलची चौकट एकाच आकाराची हवा पाहत नाहीत, त्यातून येणारी) आकड्यात ठेवावी लागते, म्हणून १.५ पेक्षा मोठा आकडा चालेल. पण तो मॉडेलच्या ग्रिडवरून ठरवा, सोंडच्या तुलनेवरून नाही.