अनोळखी टेबलावर जागा मागताना

प्रिय बहिणी,

तुझा मेसेज आणि सोबत पाठवलेले अर्ज, दोन्ही वाचले. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फासे टाकत मिळून गोष्ट रचायची तो खेळ, शिरपुरात खेळणारं कुणी नाही, म्हणून ऑनलाइन ग्रुप शोधून त्यांच्याकडे अर्ज करतेस, हे बरोबरच आहे. उत्तर येत नाही याचं कारण तू नवखी आहेस असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. तुझ्या अर्जात एल्फ राजकन्येची दीड पानाची जन्मकथा आहे, शापित तलवार आहे, हरवलेलं राज्य आहे. तू कोणत्या वारी किती वाजता मोकळी असतेस, ते मात्र कुठेच नाही.

गेम मास्टरला, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याला, चार-पाच माणसं हवी असतात, जी दर आठवड्याला एकाच वेळी तीन-चार तास बसतील. बरीच कॅम्पेन, म्हणजे कित्येक बैठका चालणाऱ्या गोष्टी, वेळ जुळेना म्हणूनच अर्ध्यात सुटतात. तेव्हा वेळ पहिल्या ओळीत लिही आणि भारतीय वेळ म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक साडेपाच तास, हेही लिही. अमेरिकेतल्या ग्रुपच्या मागे लागू नकोस. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच झालेले असतात. कॉलेज सांभाळून हे फार दिवस निभत नाही. लंडनची रविवार दुपार मात्र तुझ्या सोयीची आहे: तिकडचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. सिंगापूरचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेपाच. तिकडे ब्रिटन-अमेरिकेत मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासभर सरकतात, आपली सरकत नाहीत. ते आठवडे कॅलेंडरवर खूण करून ठेव. मुंबई, पुणे, बंगळूरची मंडळी मिळाली तर हा घोळच नाही, म्हणून आधी डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर भारतातल्या खेळाडूंच्या सर्व्हरवर, म्हणजे गटांत, शोध.

जे दिवस तुला जमणार नाहीत, तेही आधीच सांगून टाक. आपल्या खान्देशात कानबाई देवी बसते तीच मुळी नागपंचमीनंतरच्या रविवारी. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, रोटांची गडबड, आणि तू हेडफोन लावून कोपऱ्यात? जमायचं नाही, जमवूही नये. आखाजीचं तसंच, परीक्षेचंही. महिनाभर आधी कळवलं तर कुठलाही भला गेम मास्टर तुझ्याशिवायचा भाग बेतून ठेवतो. सेशन सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी कळवणारा खेळाडू मात्र सगळ्यांच्या मनातून उतरतो.

पैशांची काळजी करू नकोस. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. वीस बाजूंचा फासा कधी टाकायचा, पडलेल्या आकड्यात कोणता आकडा मिळवायचा, आपल्या पाळीत काय काय करता येतं, एवढं समजलं तरी पहिलं सेशन निघतं. ऑनलाइन टेबल म्हणून वापरतात त्या रोल20 साइटवर खातं फुकट उघडतं. फाउंड्री हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणारा ग्रुप असेल तर परवाना फक्त गेम मास्टरकडे लागतो, पण ते मोबाइलवर नीट चालत नाही, तेव्हा लॅपटॉप नसेल तर आधीच विचार. सेशनमागे पैसे घेणारे गेम मास्टरही भेटतील. त्यात गैर काही नाही, पण शिकण्यासाठी तुला त्याची गरज नाही.

एक गोष्ट आपल्याकडचीच. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे कूलर बंद करून बसता येत नाही, आणि माइकमधून तो कूलर पलीकडच्यांच्या कानात नुसता घोंगावतो. डिस्कॉर्डमध्ये ‘पुश टू टॉक’ चालू ठेव, म्हणजे बटण दाबशील तेव्हाच आवाज जाईल. आणि घरात बोलायला निवांत जागाच नसेल, लाइटचा भरवसा नसेल, तर लेखी खेळ शोध. त्याला ‘प्ले बाय पोस्ट’ म्हणतात. दिवसातून एकदा आपल्या कॅरेक्टरने काय केलं ते लिहायचं. गती संथ असते, पण तुझा हात लिहिता आहे, तुला तो मानवेल असं मला मनापासून वाटतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अर्ज तू करतेस म्हणून पारख फक्त त्यांनीच करायची, असं नाही. तूही त्यांना पारखायचं. ‘सेशन झीरो’ घेता का, विचार. त्यात खेळ सुरू होण्याआधी सगळे बसून ठरवतात की कथा कशा वळणाची असेल, कोणते विषय अजिबात नकोत, कोणते आले तरी पडद्याआड ठेवायचे. खेळताना एखादा प्रसंग असह्य झाला तर थांबवायची सोय आहे का? बरेच ग्रुप त्यासाठी ‘एक्स-कार्ड’ ठेवतात. ते दाखवलं की प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. या प्रश्नांवर जो हसेल किंवा चिडेल, त्याच्या टेबलावर बसू नकोस. पहिल्या दिवसापासून खासगी मेसेज करणारा, फोटो किंवा नंबर मागणारा, घर कुठे विचारणारा कुणी असेल तर सर्व्हरच्या मॉडरेटरला सांग आणि बाहेर पड. तिथे तुझं नाव कॅरेक्टरचं असलं तरी चालतं, चेहरा दाखवायची सक्ती नसते. संकोचाने कुठेही बसून राहू नकोस, माय.

म्हणूनच थेट वर्षभराच्या कॅम्पेनमध्ये उडी नको. आधी ‘वन-शॉट’ खेळ, एका बैठकीत संपणारी गोष्ट. गेम मास्टर सगळ्यांना बोलू देतो का, नवख्याचा फासा वाईट पडला तर बाकीचे कसे वागतात, हे तीन तासांत दिसतं.

इंग्रजीचं दडपण घेऊ नकोस. भारतातल्या टेबलांवर इंग्रजीत हिंदी सर्रास मिसळते. वाक्य अडलं तर ‘माझी कॅरेक्टर दार उघडते’ असं साधं सांगितलं तरी खेळ पुढे सरकतो. एखाद्या खवट बुटक्या योद्ध्याला अहिराणी ठसका दिलास तर टेबलावरचे लोक तो विसरणार नाहीत.

नवा अर्ज आठ-दहा ओळींचा कर: वेळ, साधनं, पहिल्यांदाच खेळते आहेस हे सरळ, कशा प्रकारची गोष्ट आवडते, आणि तुझे दोन प्रश्न, सेशन झीरोचा आणि प्रसंग थांबवायच्या सोयीचा. राजकन्या शेवटी, दोन ओळींत. तिची बाकीची कथा टेबलावर इतरांसोबत घडू दे. लिहून झालं की शनिवारच्या आत मला पाठव, मी वाचून लगेच कळवते.

तुझी,
ताई