वाचकांचे प्रश्न : रंगरूटाचा खोकला

प्रश्न : मुलगा अग्निवीर आहे, ट्रेनिंगचा चौथा आठवडा. ताप-खोकला अंगावर काढतोय. आजारी म्हणून नाव दिलं तर मागच्या बॅचमध्ये टाकतील, ही धास्ती. सर्दीने शिकण्यावर इतका परिणाम होतो का?
– एक पालक, सातारा

उत्तर : होतो, आणि तो बुडालेल्या दिवसांपुरता नसतो. फायरिंगच घ्या. श्वास थोडा सोडून रोखायचा आणि त्या चार-पाच सेकंदांत ट्रिगर हळूहळू दाबायचा. खोकल्याची उबळ दाबून धरलेल्या पोराला तेवढी उसंत मिळत नाही. तो ट्रिगर झटक्यात ओढतो, गोळी भरकटते. उस्तादांना (प्रशिक्षकांना) वाटतं, याचं लक्ष नाही. रात्री खोकून झोप मोडलेली, त्यामुळे सकाळचा धडाही डोक्यात राहत नाही. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीच्या कॉमन कोल्ड युनिट या सर्दीवरच्या संशोधन केंद्रातल्या प्रयोगांत साध्या सर्दीनेही हात आणि डोळ्यांचा मेळ बिघडलेला दिसला होता.

गावोगावची पोरं एका बराकीत आली की पहिल्या काही आठवड्यांत साथ पसरतेच. अमेरिकेत रंगरूटांना छळणारे ताप-खोकल्याचे विषाणू म्हणजे अ‍ॅडिनोव्हायरस मुख्यतः ४ आणि ७ क्रमांकाचे. १९७१पासून त्यांच्यावर लशीच्या गोळ्या दिल्या जात. उत्पादन थांबलं, १९९९मध्ये साठा संपला आणि साथी परतल्या. २०११मध्ये लस पुन्हा सुरू झाली. (ती अमेरिकी सैन्यापुरतीच आहे, मेडिकलमध्ये शोधू नका.) लशीचं उत्पादन थांबलं त्याच सुमारास, १९९६मध्ये, अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या नौदल प्रशिक्षण केंद्राने दिवसातून किमान पाच वेळा हात धुण्याचा नियम केला, तर श्वसनाच्या तक्रारी घेऊन येणारे ४५ टक्क्यांनी घटले. साबण लशीइतका नाही, पण फुकट!

मुलाला सांगा : ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर असेल तर पीटी नाही, थेट एमआय रूम (युनिटमधली वैद्यकीय तपासणीची खोली). तापात धावल्याने हृदयाच्या स्नायूला सूज आल्याची उदाहरणं आहेत. पॅरासिटामॉलने ताप दाबून परेडला उभं राहणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामीन असेल तर झापड येते. वर्गाआधी किंवा फायरिंगआधी ती नको. पडून असताना सोबत्याकडून हत्यार खोलण्या-जोडण्याचा क्रम तोंडपाठ करून घ्यावा. परतल्यावर पहिला दिवस चालणं, मग हळूहळू धावणं. छातीत दुखलं, धाप लागली तर लगेच डॉक्टर; खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची तपासणी.

प्रश्न : संसर्ग टाळायला बराकीतल्या कॉट लांब हलवता येत नाहीत, मग काय करावं?

उत्तर : उशी फिरवा. एकाचं डोकं तिथे शेजाऱ्याचे पाय.