ईसीजीवरचा ‘सायनस’ नाकातला नव्हे

प्रश्न असा आहे: “बाबांच्या ईसीजीवर ‘नॉर्मल सायनस रिदम’ असं छापून आलंय. त्यांना सायनसचा त्रास आहेच. तो आता हृदयापर्यंत गेला का? आणि याला मराठीत काय म्हणायचं?”

नाही, घाबरू नका. नाकाचा इथे काहीच संबंध नाही.

लॅटिनमध्ये ‘सिनुस’ म्हणजे वळण, खोलगट जागा, वस्त्राची चुणी. चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्यांना हे नाव मिळालं आणि आपण त्या पोकळ्यांच्या सुजेलाच ‘सायनस’ म्हणू लागलो. हृदयातली गोष्ट वेगळी. गर्भाच्या हृदयात शिरांमधलं रक्त आधी ज्या कप्प्यात येतं, तो ‘सायनस व्हेनोसस’. माशांमध्ये तो कायम वेगळा राहतो, आपल्यात उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या उजवीकडच्या वरच्या कप्प्यात, मिसळून जातो. तिथेच पेशींचा एक इवलासा पुंजका असतो, म्हणून त्याला ‘सायनस नोड’ म्हणतात. कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी १९०७ साली त्याचं वर्णन केलं. प्रत्येक ठोक्याची ठिणगी तिथे पडते.

म्हणजे ‘सायनस रिदम’चा अर्थ एवढाच, की ठोका जिथून निघायला हवा तिथूनच निघतोय. ईसीजीच्या पट्टीवर प्रत्येक उंच सुळक्याआधी एक छोटा उंचवटा दिसतो, तीच त्याची खूण. ठोके मिनिटाला ६० ते १०० असले की आधी ‘नॉर्मल’ लागतं. ६०च्या खाली ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’, १००च्या वर ‘सायनस टॅकिकार्डिया’. ‘सायनस अरिदमिया’ वाचून तर भल्याभल्यांची झोप उडते. पण तरुणांमध्ये श्वासाबरोबर ठोके थोडे मागेपुढे होणं हे स्वाभाविकच असतं. मात्र हे शब्द फक्त लयीबद्दल बोलतात. लय ठीक असूनही हृदयाला दुसरा आजार असू शकतो, म्हणून बाकीचा रिपोर्ट डॉक्टरांनीच वाचायला हवा.

जाता जाता एक नातं सांगतोच. त्रिकोणमितीतला ‘साइन’ हाही हाच लॅटिन शब्द. संस्कृत ‘जीवा’चं अरबीत ‘जिबा’ झालं, पुढे ते ‘जैब’ म्हणजे चुणी असं वाचलं गेलं आणि बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर ‘सिनुस’ झालं. आपण वर्तुळात काढतो तीच ही जीवा!

मराठी शब्दाचं म्हणाल, तर ‘नैसर्गिक लय’ मला पटत नाही. त्यात जागेचा अर्थच हरवतो. ‘मूळस्थानाची लय’ मला जवळचं वाटतं. बाबांना मात्र सरळ सांगा, “ठोका आपल्या जागेवरूनच निघतोय.”